केमोच्या दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन : लिम्फोमाचा रिपोर्ट कसा समजून घ्यावा

लिम्फोमाच्या रुग्णाच्या केमोथेरपीच्या दोन सायकल (औषधाच्या फेऱ्या) पूर्ण झाल्या की अनेक ठिकाणी पेट-सीटी स्कॅन करायला सांगितले जाते आणि एक-दोन दिवसांत घरच्यांच्या हातात रिपोर्टचे जाडसर पाकीट पडते. त्यात शरीराच्या रंगीत आकृत्या असतात, सेंटिमीटरमध्ये मोजलेल्या गाठींची यादी असते, एसयूव्ही नावाचे आकडे असतात आणि शेवटी ‘डोव्हिल स्कोअर ३’ अशासारखी एक ओळ असते. डॉक्टरांची भेट होईपर्यंत सगळे घर त्या एका ओळीभोवती फिरत राहते. हा आकडा चांगला की वाईट, या प्रश्नाचे उत्तर केवळ आकड्यावरून देता येत नाही. लिम्फोमा कोणत्या प्रकारचा आहे, स्कॅन उपचारांच्या कोणत्या टप्प्यावर झाला आणि तो कोणत्या परिस्थितीत काढला गेला, या तीन गोष्टी कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ येत नाही.

आधी पेट स्कॅनची गरज का पडते ते पाहू. लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट या पेशींचा कर्करोग आहे. तो बहुधा मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या किंवा छाती-पोटाच्या आतल्या लसिकाग्रंथींत वाढतो. पूर्वी उपचारांचा परिणाम सीटी स्कॅनवर गाठींचा आकार मोजून ठरवला जात असे. या पद्धतीची अडचण हॉजकिन लिम्फोमा या प्रकारात सर्वांत ठळकपणे दिसते. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कर्करोगाच्या पेशी अगदी थोड्या, अनेकदा शंभरात एखादीच असते. बाकीचा सारा भाग शरीराने तिथे जमवलेल्या दाहपेशींचा आणि तंतुमय ऊतींचा असतो. केमोमुळे कर्करोगाच्या पेशी मेल्या तरी हा तंतुमय भाग व्रणासारखा मागे उरतो आणि छातीतली मोठी गाठ लहान होऊनही पूर्ण नाहीशी होत नाही. १९९९ साली प्रतिसाद मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, त्यांत ‘पूर्ण प्रतिसाद, पण खात्री नाही’ असा एक स्वतंत्र गटच ठेवावा लागला होता, कारण उरलेली गाठ जिवंत आहे की मेलेली हे सीटी सांगू शकत नव्हता. चूल विझली की नाही हे तिच्या आकारावरून कळत नाही, हात जवळ नेल्यावर कळते. पेट स्कॅन नेमके हेच काम करतो. २००७ च्या सुधारित निकषांत पेट स्कॅनला स्थान मिळाले आणि तो संदिग्ध गट रद्द झाला.

ही ‘धग’ म्हणजे ग्लुकोजचा वापर. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. पेट स्कॅनसाठी ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून त्याला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडतात. या पदार्थाला थोडक्यात एफडीजी म्हणतात. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते आणि त्यावर पहिली रासायनिक प्रक्रियाही करते, पण रेणू बदललेला असल्यामुळे पुढची प्रक्रिया होत नाही आणि एफडीजी पेशीतच अडकून पडतो. फ्लोरीन-१८ मधून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीचे गोलाकार यंत्र हे दोन्ही किरण एकाच क्षणी टिपते आणि अशा लक्षावधी नोंदींवरून एफडीजी कुठे किती साठला आहे याचे चित्र तयार होते. त्याच वेळी काढलेल्या सीटीवर हे चित्र बसवले की चमक नेमक्या कोणत्या अवयवात आहे ते दिसते.

मानवी शरीरात एफडीजी पहिल्यांदा १९७६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिला गेला. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे फ्लोरीन-१८ सारखे किरणोत्सारी अणू तयार करणारे यंत्र, मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ साली सुरू झाले. सायक्लोट्रॉनचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण फ्लोरीन-१८ ची किरणोत्सर्गी मात्रा दर ११० मिनिटांनी निम्मी होते. औषध सकाळी तयार होऊन त्याच दिवशी वापरावे लागते, त्याचा साठा करता येत नाही. स्कॅन सेंटरमध्ये ठरलेली वेळ पुढे ढकलली जाते तेव्हा औषधाची गाडी उशिरा पोहोचणे हे त्याचे एक नेहमीचे कारण असते.

स्कॅनच्या दिवशी पाळायचे नियम जाचक वाटले तरी त्यातला प्रत्येक नियम चित्र खरे यावे म्हणून आहे. एफडीजीच्या इंजेक्शनपूर्वी किमान चार ते सहा तास काही खायचे नसते. साधे पाणी चालते. जिल्ह्याच्या गावाहून रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला येणाऱ्या रुग्णाने पहाटे स्टँडवर चहा-बिस्किट घेतले तर शरीरात इन्सुलिन वाढते, एफडीजी स्नायूंमध्ये ओढला जातो आणि गाठींमध्ये कमी पोहोचतो. अशा वेळी चित्र खोटेच चांगले दिसू शकते. रक्तातील साखर साधारणपणे दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक केंद्रे स्कॅन पुढे ढकलतात, आणि ते योग्यच आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतड्यात चमक वाढते आणि पोटातल्या गाठी वाचणे कठीण जाते. इंजेक्शननंतर सुमारे एक तास एका शांत खोलीत पडून राहायचे असते. तिथले कर्मचारी अंगावर पांघरूण देतात, मोबाईल बाजूला ठेवायला सांगतात, बोलू नका, काही चघळू नका असे बजावतात. बोलल्याने स्वरयंत्राचे स्नायू उजळतात आणि थंडी वाजली तर मानेभोवती व खांद्यांच्या वर असणारी तपकिरी चरबी उजळते. मानेतल्या ग्रंथी पाहायच्या असताना ही चमक फार घोटाळ्याची ठरते.

किरणांच्या भीतीबद्दल थोडे. नेहमीच्या मात्रेत एफडीजीमुळे शरीराला सुमारे ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो आणि सीटीचा त्यात वेगळा वाटा मिळवावा लागतो. स्कॅननंतर भरपूर पाणी प्यावे, वारंवार लघवीला जावे आणि काही तास लहान बाळांना व गर्भवती स्त्रियांना जवळ घेऊन बसू नये. ११० मिनिटांचा हिशेब केला तर अकरा तासांत किरणोत्सर्गी मात्रा चौसष्टाव्या हिश्श्यावर येते, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच.

आता वेळेचा मुद्दा, ज्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कितीतरी घरांना नाहक घोर लागतो. केमो दिल्यानंतर लगेच स्कॅन केला तर मरत असलेल्या पेशींची साफसफाई करायला जमलेल्या दाहपेशीही ग्लुकोज वापरतात आणि त्या भागात चमक दिसते. म्हणून उपचारांच्या मधला स्कॅन पुढच्या सायकलच्या शक्य तितका जवळ, मागच्या केमोनंतर निदान दहा दिवसांनी करतात. सर्व केमो संपल्यानंतरचा स्कॅन शक्यतो सहा ते आठ आठवड्यांनी आणि रेडिएशननंतरचा सुमारे तीन महिन्यांनी करणे योग्य मानले जाते. पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी पोटावर किंवा दंडात घेतलेली इंजेक्शनेही चित्र बदलतात. ती घेतल्यावर हाडांतला मगज सर्वत्र सारखाच उजळतो आणि अनोळखी नजरेला रोग हाडांत पसरल्यासारखा वाटतो. शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली, ही इंजेक्शने कधी घेतली, अलीकडे बायोप्सी, ताप, सर्दी-खोकला किंवा लस झाली आहे का, हे एका कागदावर लिहून न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना द्यावे. लस ज्या दंडात घेतली त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काही आठवडे उजळू शकतात. रिपोर्ट लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्या ग्रंथीची नोंद लिम्फोमा म्हणून होऊ शकते.

डोव्हिल हे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे एक गाव आहे. २००९ साली तिथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत मधल्या पेट स्कॅनसाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी ठरली आणि २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाने, म्हणजे लिम्फोमाचा प्रतिसाद मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांनी, ती जगभर रूढ केली. तिची कल्पना सुंदर आहे. गाठीची चमक एखाद्या निरपेक्ष आकड्याशी ताडून पाहण्याऐवजी ती त्याच रुग्णाच्या शरीरातल्या दोन जागांशी ताडली जाते. पहिली जागा म्हणजे छातीच्या मध्यभागातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतले रक्त आणि दुसरी म्हणजे यकृत. गाठीत आजूबाजूपेक्षा जास्त चमकच नसेल तर स्कोअर १, चमक छातीतल्या रक्ताइतकी किंवा त्याहून कमी असेल तर २, त्याहून जास्त पण यकृताइतकी किंवा कमी असेल तर ३, यकृतापेक्षा बऱ्यापैकी जास्त असेल तर ४ आणि यकृतापेक्षा खूपच जास्त असेल किंवा लिम्फोमाच्या नव्या जागा दिसल्या तर ५. लिम्फोमाशी संबंध नसावा अशी नवी चमक दिसली तर तिच्यापुढे ‘एक्स’ लिहितात.

हे वाचन डोळ्यांनी करताना एक फसगत होते. राखाडी रंगाचा एकच ठिपका फुप्फुसाच्या काळ्या पार्श्वभूमीवर ठळक दिसतो आणि पोटाच्या उजळ पार्श्वभूमीवर फिका दिसतो. त्यामुळे ३ आणि ४ च्या सीमेवरची गाठ असेल तेव्हा गाठीची आणि यकृताची एसयूव्ही मोजूनच निर्णय करावा लागतो. एसयूव्ही म्हणजे दिलेली मात्रा आणि शरीराचे वजन हिशेबात घेऊन काढलेला चमकेचा आकडा. तो यंत्रानुसार, साखरेनुसार आणि इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन सुरू झाला त्यानुसार बदलतो. पहिला स्कॅन एका सेंटरमध्ये आणि दुसरा भलत्याच सेंटरमध्ये करून दोन रिपोर्टांतले एसयूव्ही शेजारी-शेजारी ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही. शक्य असेल तर सगळे स्कॅन एकाच ठिकाणी करावेत आणि जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्यावी, कारण तुलना नुसत्या जुन्या रिपोर्टाशी न होता जुन्या चित्रांशी व्हायला हवी.

आता स्कोअर ३ कडे परत येऊ. हॉजकिन लिम्फोमावरील दोन मोठ्या ब्रिटिश पुढाकाराच्या अभ्यासांत या एकाच आकड्याला दोन वेगळे अर्थ दिले गेले आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅथल’ अभ्यासात बाराशेहून अधिक, रोग पुढे गेलेले रुग्ण होते. एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या दोन सायकलनंतर पेट स्कॅन केला आणि १ ते ३ स्कोअर असलेल्यांना निगेटिव्ह मानले. त्यांच्यापैकी निम्म्यांना उरलेल्या चार सायकलींत ब्लिओमायसिन हे औषध दिलेच नाही. ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते आणि ती इजा कधी कधी जिवावर बेतते. तीन वर्षांनंतर रोग न वाढता किंवा न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण ब्लिओमायसिन चालू ठेवलेल्यांत ८५.७ टक्के आणि बंद केलेल्यांत ८४.४ टक्के होते. फुप्फुसांचा त्रास मात्र दुसऱ्या गटात कमी होता. येथे चार सायकल केमो अजून बाकी होती, म्हणून ३ हा स्कोअर निगेटिव्ह मानायला हरकत नव्हती. २०१५ च्या ‘रॅपिड’ अभ्यासातले रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते. तीन सायकलनंतर स्कॅन निगेटिव्ह आला तर काहींचे रेडिएशन वगळून उपचार तिथेच थांबवायचे होते. उपचार थांबवण्यासारखा मोठा निर्णय घ्यायचा असल्यामुळे संशोधकांनी पट्टी कडक केली आणि फक्त १ व २ हेच स्कोअर निगेटिव्ह धरले. तीन वर्षांनी रोगाविना असलेल्यांचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत ९४.६ टक्के आणि न घेतलेल्यांत ९०.८ टक्के होते. हा फरक लहान आहे, पण तो आहे, आणि विशीतल्या मुलीच्या छातीवर रेडिएशन देऊन पुढे स्तनाच्या कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका वाढवायचा की रोग उलटण्याची थोडी जास्त शक्यता पत्करायची, हे त्या मुलीशी बोलूनच ठरवावे लागते. माझ्या मते हॉजकिनमध्ये पेट स्कॅनने दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे, की ज्यांना कमी उपचार पुरतात त्यांना ते कमी देता येतात.

दुसऱ्या बाजूला, दोन सायकलनंतरही गाठ उजळच राहिली तर काय, याचे गांभीर्य २००७ सालच्या एका इटालियन-डॅनिश अभ्यासाने दाखवले. त्यात २६० रुग्णांचा स्कॅन एबीव्हीडीच्या दोन सायकलनंतर केला गेला. स्कॅन निगेटिव्ह असलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्ण दोन वर्षांनी रोग न वाढता होते. पॉझिटिव्ह असलेल्यांत हे प्रमाण जेमतेम १३ टक्के होते. हा आकडा इंटरनेटवर वाचून कोणी खचून जाऊ नये, कारण तो स्कॅनवरून उपचार न बदललेल्या रुग्णांचा आहे आणि तेव्हा डोव्हिलची मोजपट्टीही आलेली नव्हती. रॅथल अभ्यासात पॉझिटिव्ह आलेल्यांना अधिक तीव्र केमो दिली गेली आणि त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्ण तीन वर्षांनी रोगाविना होते. दोन अभ्यासांतल्या आकड्यांची थेट तुलना करता येत नसली तरी वेळेत कळल्याचा उपयोग होतो असे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. ब्रेंटुक्सिमॅब किंवा निव्होलुमॅब ही औषधे असलेल्या नव्या उपचारांत मात्र दोन सायकलनंतरच्या स्कॅनवरून उपचार बदलण्याची पद्धत अजून तेवढी रुळलेली नाही.

हॉजकिनचे हे गणित लिम्फोमाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला, म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाला, जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे आर-चॉप हा अनेक औषधांचा एकत्रित उपचार देतात आणि मधला स्कॅन निगेटिव्ह आला तर ती दिलासा देणारी गोष्ट असते, पण पॉझिटिव्ह आला तर तो अनेकदा खोटा ठरतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातल्या २०१० च्या अभ्यासात मधला स्कॅन पॉझिटिव्ह आलेल्या ३८ रुग्णांची पुन्हा बायोप्सी केली तेव्हा ३३ जणांच्या गाठीत कर्करोग सापडलाच नाही. जर्मनीतल्या ‘पेटाल’ अभ्यासात दोन सायकलनंतर पुरेसा प्रतिसाद न दिसलेल्या रुग्णांना आर-चॉपऐवजी जास्त तीव्र केमो देऊन पाहिली; निकाल सुधारला नाही, त्रास मात्र वाढला. म्हणून या प्रकारात मधला स्कॅन थोडा उजळ दिसला म्हणून नातेवाइकांनी ‘औषध बदला’ असा आग्रह धरू नये. गाठी स्पष्टपणे वाढत असतील किंवा नव्या गाठी आल्या असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा बायोप्सी करून पुढचा उपचार ठरवतात.

खोट्या चमकेची कारणे भारतात आणखी एका गोष्टीमुळे वाढतात. क्षयरोगाच्या ग्रंथी पेट स्कॅनवर लिम्फोमासारख्याच झगझगीत दिसतात आणि एसयूव्हीच्या आकड्यावरून दोन्हींत भेद करता येत नाही. केमोमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली असताना दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. जुन्या सगळ्या गाठी शांत झाल्या आहेत आणि भलत्याच ठिकाणी, समजा फुप्फुसाच्या वरच्या भागात, एक नवी चमक दिसते आहे, असे चित्र असेल तर अनुभवी डॉक्टरांच्या मनात लिम्फोमाच्या आधी संसर्ग येतो, कारण औषधाला सगळीकडे दाद देणारा रोग एकाच नव्या जागी वाढणे विसंगत आहे. तरुण रुग्णांत केमो संपल्यावर काही महिन्यांनी छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी पुन्हा फुगते आणि उजळते. हा शरीर सावरल्याचा भाग असतो, पण छातीत लिम्फोमा होऊन गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना तो रिपोर्ट वाचून काय वाटत असेल याची कल्पना करता येते. रोग उरला आहे किंवा उलटला आहे असे ठरवून दुसऱ्या फळीची केमो आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांट यांच्याकडे वळण्यापूर्वी शक्य तिथे बायोप्सी करावीच, आणि ती करताना बारीक सुईने काढलेल्या काही सुट्या पेशींवर न थांबता ऊतीचा तुकडा मिळवावा. ग्रंथीची अंतर्गत रचना पाहिल्याखेरीज लिम्फोमाचे निदान पक्के होत नाही.

सर्व लिम्फोमा एफडीजी सारखाच घेतात असेही नाही. फॉलिक्युलर लिम्फोमात उपचारांच्या शेवटचा पेट स्कॅन पुढच्या वाटचालीचा चांगला अंदाज देतो. स्मॉल लिम्फोसायटिक आणि मार्जिनल झोन या संथ प्रकारांत चमक अनेकदा मुळातच कमी असते, त्यामुळे तिथे प्रतिसाद सीटीवरच मोजतात. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ उजळलेलीच नसेल तर दुसऱ्या स्कॅनमध्ये ती ‘शांत’ दिसण्याला काही किंमत नाही. उपचार सुरू होण्यापूर्वीचा स्कॅन खर्चामुळे टाळू नये असे म्हणतात त्याचे हे मोठे कारण आहे. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारख्या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांत सुरुवातीला गाठी फुगून जास्त उजळू शकतात. २०१६ साली यासाठी ‘अनिश्चित प्रतिसाद’ असा गट ठरवण्यात आला. रुग्णाची तब्येत सुधारत असेल तर उपचार चालू ठेवून बारा आठवड्यांच्या आत पुन्हा पाहणे किंवा बायोप्सी करणे, असा त्याचा अर्थ आहे.

उपचार संपले, शेवटचा स्कॅन १ किंवा २ स्कोअरचा आला, की पुढे दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून घ्यावा असे घरच्यांना वाटते. ही इच्छा समजण्यासारखी असली तरी हॉजकिन आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारांत पूर्ण प्रतिसाद मिळालेल्या, कसलेही लक्षण नसलेल्या रुग्णाला असे नियमित पेट स्कॅन करू नयेत, असेच लुगानोच्या शिफारशी सांगतात. त्यांतून खोट्या चमकी सापडतात, त्यांच्यामागे बायोप्सी लागतात, किरणोत्सर्ग आणि खर्च साठत जातो आणि जगण्याच्या काळात वाढ झाल्याचे दिसलेले नाही. त्याऐवजी ठरलेल्या तारखांना हेमॅटॉलॉजिस्ट किंवा ऑन्कॉलॉजिस्टकडून मान, काख, जांघ, यकृत आणि प्लीहा तपासून घ्यावी, सांगितलेल्या रक्ततपासण्या कराव्यात, आणि नवी गाठ, कारण नसताना येणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणे यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.